दुधाचा तोल

डोळ्यांत साबण गेला आणि इरू पडली.

घसरली नाही, पडली. तिची आई शर्वाणी टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारातच उभी होती, तिने नीट पाहिलं. खाली रबराची चटई होती, फरशी खरबरीत होती. पोरीने डोळे गच्च मिटले आणि दुसऱ्या क्षणी तोडलेल्या उसासारखी सरळ आडवी झाली. हात पुढे आला नाही, गुडघा वाकला नाही. "आई गं" म्हणाली तेही जमिनीवर पोचल्यावर.

"अगं, कशाला तरी धरायचं नाही का!"

"मला कळलंच नाही मी पडतेय ते," कपाळ चोळत इरू म्हणाली.

टेंगूळ आलं, बर्फ लावला, बिस्कीट हातात पडल्यावर रडणं थांबलं. पण ते वाक्य काही शर्वाणीच्या डोक्यातून जाईना. पडताना कळलं नाही? माणसाला झोपेत पलंगावरून पडतानासुद्धा कळतं. आणि त्याच संध्याकाळी ही सात वर्षांची मुलगी नृत्याच्या प्रबोधिनीत एका पायावर दोन मिनिटं उभी राहिली. वाऱ्याविना तेवणाऱ्या ज्योतीसारखी. पडद्यावर आकडा आला: एक्याऐंशी. तिच्याच वर्गातल्या गार्गीच्या आईने टाळ्या वाजवल्या. शर्वाणीनेही वाजवल्या, पण जरा उशिरा.

उत्तोल नृत्य प्रबोधिनी म्हणजे त्या काळातलं नाशिककरांचं ताजं वेड. द्राक्षांच्या आणि वायनरींच्या गावात बॅले कुठून आला, असं बाहेरचे विचारत. आला होता तो साळवे मिसच्या पायांनी. एस्तेर साळवे, वय वर्षं चौसष्ट. अडतीस वर्षांपूर्वी त्यांनी शरणपूर भागातल्या एका सभागृहात सहा मुली घेऊन वर्ग सुरू केला होता. पुढे प्रबोधिनी आली, आरसे आले, यंत्रं आली आणि मिस दाराजवळच्या बुटांच्या टेबलावर गेल्या. कारण यंत्राने त्यांना बावन्न गुण दिले होते, आणि साठाच्या खाली गुण असलेल्या शिक्षकाने नाचाच्या फरशीवर पाऊल ठेवायचं नाही, असा नियम झाला होता.

ते यंत्र म्हणजे समतोल-पट. काचेची एक चौकोनी फळी, दीड हात लांब, दीड हात रुंद.

आपण स्थिर उभे असतो, हा आपला एक गोड गैरसमज. उभा माणूस खरं तर सतत पडत असतो आणि सतत स्वतःला वाचवत असतो. घोट्यातून, कंबरेतून, केसभर पुढे, केसभर मागे. आपण कलतोय ही बातमी मेंदूला तीन खबरे देतात: डोळे, कानाच्या आत असलेल्या द्रवाच्या नळ्या, आणि तळपायांतली-सांध्यांतली जाणीव. पट हे डुलणं मोजायचा. वजनाचा मध्य किती भटकला, किती वेगाने भटकला. कमी भटकला की आकडा मोठा.

जूनमधल्या प्राथमिक चाचणीत इरूचा आकडा आला होता एक्केचाळीस. मुख्य वर्गासाठी सत्तर लागत. तिच्या वयाच्या जवळजवळ सगळ्याच मुली नापास झाल्या आणि प्रबोधिनीने सगळ्यांच्या हातात एकेक डबी ठेवली. डबीत 'सावर' नावाचे पायमोजे. कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ. त्यांच्या धाग्यांना तोल ढळलेला मेंदूच्या आधी कळे, आणि ते पोटरीला इतका बारीक कंप देत की तो जाणवायचाही नाही. स्नायू आपोआप आवळत, शरीर जागेवर येई. चार महिन्यांत एक्केचाळीसचे एक्याऐंशी झाले. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी परीक्षा होती. पास झालं की सात वर्षं चालणारा मुख्य वर्ग, रंगमंच, परदेशातल्या संस्था. नाही झालं, तर पुन्हा अर्ज करता येत नसे. इरूने तर मुख्य वर्गाचा निळा झगा मापाला घालूनसुद्धा पाहिला होता.

*

वर्ग चालू असताना आया व्हरांड्यात बसून बुटांना रिबिनी शिवत. बॅलेच्या बुटांना रिबिनी हातानेच शिवायच्या, ही मिसनी लावलेली जुनी शिस्त तेवढी प्रबोधिनीत टिकली होती. तिथे कुणाला नाव नव्हतं. जी ती कुणाची तरी आई.

"गार्गी घरी पडते का हो?" दोरा ओवता ओवता शर्वाणीने विचारलं.

"छे! सावर घातल्यापासून खांब झालीय नुसती," गार्गीची आई म्हणाली.

"सावर नसताना?"

गार्गीच्या आईची सुई थांबली. "नसताना कशाला? आंघोळीला आणि झोपायला काढते तेवढंच." मग इकडेतिकडे पाहून तिने आवाज खाली आणला. "परवा जिन्यातले दिवे गेले होते. अनवाणीच होती. चौथ्या पायरीवर बसली ती उठेचना. म्हणे, जिना हलतोय. तिच्या बाबांनी उचलून आणली. अंधाराला घाबरली असेल."

"गार्गी घाबरली? जी पाल हातात धरते?"

"इरूची आई, तुम्ही ना, फार बघता. माझ्या सासूबाई म्हणतात, पोराकडे इतकं टक लावून बघू नये. दृष्ट लागते."

"न बघणारीची जास्त लागते," बुटांच्या टेबलामागून आवाज आला. साळवे मिस दातांनी दोरा तोडत होत्या. "इरूला घरी ने. मोजे काढ. पाय जुळवून, डोळे मिटून उभी कर. तू जवळ थांब. आणि दुसरं एखादं पोर असेल शेजारचं, न नाचणारं, तर त्यालाही कर."

"कशासाठी, मिस?"

"आधी बघ. मग विचार."

*

शर्वाणी वनस्पतिशास्त्राची एमएस्सी. दिंडोरीच्या एका रोपवाटिकेसाठी ती घरबसल्या रोपांचे फोटो तपासायची. पानावर डाग कुठे, खोड बारीक कुठे. बघणं हा तिचा धंदाच होता. त्यामुळे रविवारी दुपारी तिने हे कामही पद्धतशीर केलं. दिवाणखान्याचे पडदे ओढले, समोरच्या भिंतीला आलेखाचा कागद चिकटवला. नवरा पुष्कर धुळ्याकडच्या पवनचक्क्यांवर अभियंता होता, शनिवार-रविवारी घरी असायचा. त्याचा मोजमापाचा लेसर तिने ओढणीने मुलांच्या डोक्याला बांधला. कागदावरचा लाल ठिपका म्हणजे मुलाचं डुलणं.

वरच्या मजल्यावरून दोन भावंडं आली होती. अयान पाच वर्षांचा, झोया सातची. नाचाशी दोघांचा संबंध लग्नाच्या वरातीपुरता.

अयानने डोळे मिटले. ठिपका वाटीएवढ्या जागेत फिरला. झोयाने मिटले, तर ठिपका परातभर भटकला. ती खिदळत होती, हात पसरत होती, झाडासारखी हलत होती, पण अर्धं मिनिट पडली नाही.

मग इरू. सावर काढलेले. डोळे मिटले आणि ठिपका एकदाही न डगमगता थेट छताकडे गेला. चौथ्या सेकंदाला शर्वाणीने तिला झेलली.

"परत कळलं नाही?"

"नाही," इरू म्हणाली आणि रडायला लागली. "मला माझे मोजे दे."

शर्वाणीला दोन गोष्टी बोचत राहिल्या. एक तर उघडच. दुसरी अशी, की सात वर्षांची झोया पाच वर्षांच्या अयानपेक्षा जास्त का डुलावी? मूल मोठं होतं तसं सुधारायला हवं. प्रबोधिनीच्या भिंतीवर तसाच आलेख लावला होता: पाचव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत चढत जाणारी लाल रेघ, पन्नाशीनंतर उतरणारी.

सोमवारी ती त्या आलेखापाशी जाऊन उभी राहिली. नाक टेकेल इतकी जवळ. पाच वर्षांवर काळ्या ठिपक्यांचा थवा होता. एक ठिपका म्हणजे एक मोजलेली मुलगी. सहावर थवा. नऊवर, दहावर, अकरावर थवा. सात आणि आठच्या जागी एकही ठिपका नव्हता. नुसती लाल रेघ, पुलासारखी अलगद पलीकडे गेलेली.

"दिसलं?" मिसनी विचारलं.

"या वयाच्या मुली मोजल्याच नाहीत?"

"ते त्यांना विचार. मला एवढं माहीत आहे की सातव्या वर्षी सगळ्याच बिघडतात. सहाव्या वर्षी जी दगडासारखी उभी असते, ती सातव्याला दारुड्यासारखी झुलते. आयांना वाटायचं, मिसनी शिकवणं सोडलं. मी म्हणायचे, दुधाचे दात पडतात ना, तसा दुधाचा तोल पडतो. बोळकं दिसतं वर्ष-दीड वर्ष. मग पक्का येतो."

आणि मग, बुटाच्या तळव्यावर बोटाने तीन टिंबं काढत, त्यांनी समजावलं. लहान मूल डोळ्यांच्या भरवशावर उभं राहतं. डोळे सांगतील तेच खरं. सातव्याच्या सुमाराला मेंदू कान आणि पाय यांनाही बैठकीत बोलावतो. तिघे एकदम बोलतात. एक म्हणतो डावीकडे कललो, दुसरा म्हणतो छे, मी हललोच नाही. या भांडणातच मूल डुलतं, पडतं, आणि कुणाचं कधी ऐकायचं हे शिकतं. ज्या मुलीचं हे भांडण पुरं होतं, ती पुढे दिव्यांच्या झोतात, काही दिसत नसताना, चवड्यावर गिरकी घेऊन सरळ उतरते.

"सावर काय करतो? भांडण सुरू व्हायच्या आधीच निकाल देतो. मग कान आणि पाय बोलायला कशाला येतील?" मिसनी बूट खाली ठेवला.

"आणि तुमचे बावन्न, मिस?"

"माझे घोटे जुने झाले, कानातलं पाणी म्हातारं झालं. मी डुलते. पण अडतीस वर्षांत पडले दोनदा, त्यातली एकदा केळ्याच्या सालीवरून." त्या हसल्या. "त्या काचेला पडणं मोजता येत नाही गं. फक्त डुलणं मोजता येतं."

*

सावर दिवसाचे दहा तास पायात हवेत, हा नियम. किती वेळ घातले याची खबर मोजे स्वतःच प्रबोधिनीला पोचवत. शर्वाणीने दोन दिवस विचार केला आणि एक मार्ग काढला, जो तिला त्या वेळी फार हुशारीचा वाटला. इरूचे मोजे तिने ताणून स्वतःच्या पायांत चढवले.

आधी काहीच वाटलं नाही. मग वरच्या फळीवरचा डबा काढायला ती चवड्यांवर उभी राहिली, तर जणू कुणीतरी पाठीशी हलकेच हात धरला होता. बाळंतपणापासून कंबरेत एक धास्ती बसली होती, ती गेली. तिला ते आवडलं. खरं सांगायचं तर फार आवडलं. दुसऱ्या दिवशी तिने उगाचच दोनदा डबा काढला. चौथ्या दिवशी मोजे काढून ती भाजी आणायला निघाली आणि जिन्यात तिने कठडा धरला. आठ वर्षं हा जिना ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उतरत होती. आपला हात कठड्यावर आहे, हे पाहून ती मधल्या पायरीवरच थांबली. एकतीस वर्षांच्या पक्क्या तोलाची चार दिवसांत ही गत, तर सात वर्षांच्या कच्च्याची चार महिन्यांत काय?

पाचव्या दिवशी प्रबोधिनीचे संचालक डॉ. उपासनी यांचं बोलावणं आलं. माणूस चाळिशीच्या आतला, मऊ आवाजाचा, समोरच्याला पाणी विचारणारा.

"इरावतीच्या आई, एक अडचण आहे," पडद्याकडे बघत ते म्हणाले. "पाच दिवसांत इरावतीचं वजन एकवीस किलोंवरून अठ्ठावन्नवर गेलंय."

शर्वाणीला आधी हसू फुटलं, मग घाम. मोज्यांना पायावरचा भार कळतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"शिवाय शाळेच्या वेळेत ती स्वयंपाकघरात असते," डॉक्टर म्हणाले. तेही हसले. "हे बघा, काळजी मी समजू शकतो."

"मग मला एक सांगा. तुमच्या आलेखात सात आणि आठवर ठिपके का नाहीत?"

डॉक्टरांचं हसू थोडं उतरलं. "त्या वयात मोजणी स्थिर येत नाही. मुली इतक्या भटकतात की पट बहुतेकदा 'मोजणी अमान्य' दाखवतो, आणि आकडा आलाच तर तो भरवशाचा नसतो. अशा नोंदी गाळाव्या लागतात."

"म्हणजे ज्या वयाच्या मुलींना तुम्ही नापास केलंत, त्या वयाची एकही मुलगी तुमच्या रेघेत नाही."

"रेघ दोन्ही बाजूंच्या नोंदींवरून काढलेली आहे."

"पूल बांधलात तुम्ही. मुली खाली नदीत आहेत आणि तुम्ही म्हणताय, पुलावर का नाहीत?"

"मॅडम, मेंदूला जे यायला दोन वर्षं लागतात ते आम्ही आज देतोय. दृष्टी अधू असली तर चष्मा देतोच ना आपण?"

"दृष्टी अधू असली तर. तिची अधू नव्हती, वाढत होती." शर्वाणीचा आवाज तिलाच मोठा वाटला. "आमच्या रोपवाटिकेत एकदा शेडनेटच्या आत, बिनवाऱ्याची रोपं वाढवली होती. काठीला बांधून. फोटोत काय देखणी दिसायची! बांध सोडले आणि पहिल्या वाऱ्यात अर्धी मोडली. खोड हलतं म्हणून जाड होतं, डॉक्टर."

"मुलगी म्हणजे रोप नव्हे."

"नव्हे ना. म्हणून तर विचारतेय, बांध सोडायचा कधी? सावर काढायचे कोणत्या वर्षी?"

डॉक्टरांना प्रश्न खरोखरच कळला नसावा. "काढायची वेळ का यावी? मोठ्यांसाठीचे पुढच्या वर्षी येतायत. ज्येष्ठांसाठीचे त्यानंतर."

 शर्वाणीने पिशवीतून डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"इरू हे घालणार नाही."

"परीक्षेला बसण्यापासून मी तिला अडवू शकत नाही," डॉक्टर म्हणाले, अजून मऊच. "पण सत्तर म्हणजे सत्तर. त्या दिवशी सगळ्यांसाठी मोजे ठेवलेले असतील. तुमचा विचार बदलला, तर."

*

घरातले ते सात आठवडे कुणी विचारू नयेत.

इरू दाराच्या चौकटीला धडकली, अंगणातल्या आखणीत लंगडी घालताना पडली, फ्रॉक डोक्यातून घालताना पडली. गुडघे सोलले. वर्गात ती एकटीच डुलायची आणि बाकीच्या हसायच्या. एकदा घरी येऊन तिने दप्तर फेकलं.

"मोजे मला पाडत नाहीत. तू पाडतेस!"

 शर्वाणीने तिच्या गुडघ्याला औषध लावलं. रोज शाळेतून आल्यावर दोघी गादीवर उभ्या राहायच्या, डोळे मिटून, आधी दोन पायांवर, मग एकावर. मिस बुधवारी घरी यायच्या आणि नुसत्या बसायच्या. "झेलू नकोस तिला आधीच," एवढंच म्हणायच्या. "पडण्याचीही तिला ओळख होऊ दे."

पुष्कर एका शनिवारी आला आणि पोरीचे गुडघे बघून दारातच थबकला.

"हे काय? प्रयोग करतेस का तिच्यावर?"

"प्रयोग ते करतायत. मी थांबवलाय."

"सगळे डॉक्टर मूर्ख आणि तू एकटी शहाणी?"

"मूर्ख नाहीत. त्यांना घाई आहे."

"आणि ती नापास झाली तर? आयुष्यभर म्हणेल, आईमुळे. हे झेपेल तुला?"

"नाही झेपणार," शर्वाणी म्हणाली. "पण ती एकदा रस्ता ओलांडताना, डोळ्यांत धूळ गेली म्हणून पडली, तर तेही नाही झेपणार. मी यातलं एक निवडलंय. तू दुसरं निवडतोस का? सांग."

 पुष्कर रविवारभर वर्तमानपत्रात डोकं घालून बसला. संध्याकाळी दोघींना गादीवर उभं राहिलेलं पाहून तो उठला, चप्पल काढली आणि म्हणाला, "त्यात काय मोठं अवघड आहे?" एका पायावर उभा राहिला, डोळे मिटले, आणि सहाव्या सेकंदाला सोफ्यावर जाऊन आदळला. सोफ्याने चांगलाच आवाज केला.

कितीतरी दिवसांनी इरू पोट धरून हसली. मग त्याच्याजवळ जाऊन, अगदी शिक्षिकेच्या थाटात म्हणाली, "बाबा, डोळे मिटल्यावर घाबरायचं नाही. पायाला विचारायचं, कुठे चाललोय रे? तो सांगतो. जरा उशिरा सांगतो, पण सांगतो."

शर्वाणीने पुष्करकडे पाहिलं. तो सोफ्यावरून उठायचं विसरला होता.

*

परीक्षेच्या सकाळी सभागृहात बाकावर नावांच्या चिठ्ठ्या लावून सावरच्या डब्या मांडल्या होत्या. 'इरावती' नावाचीही होती.

इरूने डबी उचलली, आईकडे पाहिलं. शर्वाणीच्या जिभेवर सात आठवड्यांचं सगळं बोलणं गोळा झालं होतं. तिने ते गिळलं.

"पाय तुझे आहेत," ती म्हणाली. "तुझं तू ठरव."

इरूने थोडा वेळ डबी हातात फिरवली. शेजारी गार्गी मोजे चढवत होती. इरूनेही चढवले. शर्वाणी पालकांच्या रांगेत पुष्करशेजारी जाऊन बसली. तिला राग आला नाही. फक्त फार थकल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी नियम वाचला. प्रत्येकीला दोन संधी. दुसरी घ्यायची सक्ती नाही, पण घेतली तर पहिली मोजणी रद्द, दुसरी ग्राह्य.

गार्गीला त्र्याऐंशी मिळाले. पाठोपाठ इरू पटावर चढली, एक पाय उचलला, डोळे समोर. हललीच नाही. अठ्ठ्याहत्तर. टाळ्या झाल्या. गार्गीच्या आईने मागे वळून डोळ्यांनीच म्हटलं, बघा, उगाच तमाशा केलात. पुष्करने श्वास सोडला. निळा झगा इरूचा झाला होता.

इरू पटावरून उतरली नाही. तिथेच खाली बसली आणि मोजे काढायला लागली.

"बाळा, झालं तुझं," डॉ. उपासनी म्हणाले. "पास झालीस."

"दुसरी संधी आहे ना?"

"आहे. पण ती घेतलीस तर ही जाईल."

"माहितीये मला."

"मग कशाला घेतेस?"

इरूने एक मोजा काढून शेजारी ठेवला. "ते अठ्ठ्याहत्तर यांचे आहेत," मोज्याकडे बोट करून ती म्हणाली. "माझे किती ते मला बघायचंय."

मुलींच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

"शर्वाणी, बोल काहीतरी," पुष्कर कानाशी म्हणाला. "तू म्हणालीस तर उतरेल ती. एवढा वर्ग हातात आलाय."

खरंच होतं ते. 'इरू, ये खाली' एवढंच म्हणायचं होतं. पोरीने सात आठवडे आईचं ऐकून गुडघे फोडून घेतले होते, आताही ऐकलं असतं.

"नाही," शर्वाणी म्हणाली.

इरू अनवाणी उभी राहिली. तिने डोळे मिटले. ते तर नियमातही नव्हतं. एक पाय उचलला. आणि डुलायला लागली. घोटा डावीकडे गेला, कंबर उजवीकडे, हात पसरले, मिटले, पुन्हा पसरले. एकदा ती इतकी कलली की पुष्कर खुर्चीतून उठला. ती कललेल्या ठिकाणी क्षणभर थांबली, जणू कुणाला काही विचारत होती, आणि परत आली. पडदा लाल झाला. मोजणी अमान्य.

"चार," कुणीतरी सेकंद मोजत म्हणालं. "पाच."

साळवे मिस बुटांचं टेबल सोडून सरळ नाचाच्या फरशीवर चालत आल्या होत्या. पटापासून दोन हातांवर, हात पाठीमागे बांधून त्या उभ्या राहिल्या. "सहा. सात."

"मिस, तुम्हाला फरशीवर यायची परवानगी नाही," डॉक्टर म्हणाले.

"मला माहीत आहे. आठ. नऊ."

गार्गी खाली वाकून आपल्या पायाकडे बघत होती. मग तिने अंगठ्याने मोज्याची कड खाली सरकवली. तिच्या आईने "गार्गी!" म्हणून हाक मारली. गार्गीने पाय मागे घेतला, पण कड काही वर ओढली नाही.

"दहा. अकरा."

पडदा पुन्हा लाल झाला. मोजणी अमान्य. मोजणी अमान्य. डॉ. उपासनी पटाजवळ आले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ राहिला नाही. "इरावती, खाली उतर. यंत्र तुला मोजत नाहीये."

"नको मोजू दे," इरू म्हणाली. डोळे मिटलेले, हात वाऱ्यातल्या फांद्यांसारखे हलते. "मी अजून पडले नाहीये."